हुन्नरशाळा ते आयटीआय : दुसऱ्या पसंतीचा इतिहास

दहावीचा निकाल लागला की ‘याला आयटीआयला घाला’ हा सल्ला महाराष्ट्रात बहुधा कमी गुण मिळालेल्या मुलाच्या वाट्याला येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, तेव्हा मात्र इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर यांचीच गरज पुढे आली. तरुणांनी या व्यवसायांकडे वळावे असे आवाहन आज जे सर्वत्र केले जाते, त्यामागे सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार यांची कामे जन्मानेच ठरत. मुलगा बापाच्या हाताखाली शिके आणि मोबदला बलुत्याच्या रूपाने धान्यात मिळे. या शिक्षणाला शुल्क नव्हते, तशी त्यात निवडही नव्हती. त्यामुळे इंग्रजी अमदानीत शाळा निघाल्या तेव्हा शिकणे म्हणजे हाताच्या कामातून सुटणे, असा अर्थ समाजात रुजला आणि तो आजही पुरता गेलेला नाही.

जन्माशी बांधलेले कौशल्य शाळेत, म्हणजे हुन्नरशाळेत, आणण्याचे पहिले मोठे प्रयत्न गिरण्यांच्या काळातले आहेत. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली, तर १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात कलाभवन उभे राहिले. मुंबईच्या संस्थेत शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे बेळगावात सायकलींचे दुकान चालवले, लोखंडी नांगर बनवले आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. या दोन्ही संस्थांचे पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. मुंबईची संस्था अभियांत्रिकी महाविद्यालय झाली आणि बडोद्याचे कलाभवन विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेत रूपांतरित झाले. संस्थांना बढती मिळाली, पण त्यांनी मागे सोडलेली कारागिराच्या शिक्षणाची जागा बराच काळ रिकामीच राहिली.

ती भरली दुसऱ्या महायुद्धाने. शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांना फिटर आणि टर्नर हवे होते, म्हणून १९४० मध्ये सरकारने तांत्रिक प्रशिक्षणाची योजना काढली आणि १९४१ पासून ब्रिटिश मजूरमंत्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेव्हिन योजनेखाली भारतीय तरुण इंग्लंडला शिकायला जाऊ लागले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. जातिव्यवस्था केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी करते, असे मांडणाऱ्या नेत्याच्या खात्याकडे या प्रशिक्षणाची जबाबदारी यावी, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. या वर्गांना वडिलोपार्जित धंद्याची अट नव्हती. युद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले, त्यातूनच १९५० ची कारागीर प्रशिक्षण योजना आणि आयटीआय आले. १९५६ मध्ये त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे गेला आणि १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारी कायदा झाला.

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर ठाणे-बेलापूर आणि पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात या व्यवस्थेला बरे दिवस आले. आयटीआय, मग अप्रेंटिसशिप आणि मग कंपनीत कायम, हा क्रम ठरून गेला होता आणि ‘मुलगा कंपनीत फिटर आहे’ हे वाक्य लग्नाच्या बैठकीत अभिमानाने सांगितले जाई. आजच्या आवाहनांत या काळाचा विसर पडलेला दिसतो. त्या पिढीला कोणी हाताच्या कामाची महती पटवून दिली नव्हती. कायम नोकरी आणि पगार यांनीच ते काम केले होते.

जानेवारी १९८२ मध्ये मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर कामगाराची शाश्वती डळमळू लागली. पुढच्याच वर्षी वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, त्यामुळे ऐपत असलेल्या घरांना पदवीचा नवा मार्ग मिळाला. त्याच १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे शाळेतून गळालेली मुलेही वेल्डिंग, बांधकाम, शेती आणि वीजकाम एकत्र शिकत, आणि प्रत्यक्ष काम करतानाच त्यांना विज्ञान समजावे असा आग्रह असे. शासनाची नजर मात्र महाविद्यालयांच्या संख्येवर राहिली.

नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रात कौशल्य विकासाचे स्वतंत्र मंत्रालय आले आणि १५ जुलै २०१५ रोजी ‘स्किल इंडिया’ मोहीम सुरू झाली. आयटीआय उत्तीर्ण विद्यार्थ्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळण्याची सोयही आहे आणि ती चांगली आहे. पण या वाटेने वर जाणारा विद्यार्थी हळूहळू हत्यारापासून दूर जातो. वेल्डर राहूनच ज्येष्ठ, मान्यताप्राप्त वेल्डर होण्याचा तितकाच ठळक जिना आपल्याकडे नाही. ज्या जर्मनीशी करार झाला, तिथे कारागिराने मिळवलेली ‘माइस्टर’ (उस्ताद कारागीर) ही पात्रता राष्ट्रीय पात्रता आराखड्यात पदवीच्याच पातळीवर मोजली जाते.