वाईल्ड यीस्टची पेल एल: ग्लासात काय येतं आणि ती कशी प्यायची

बाटली उघडायच्या आधी हे वाचलंत तर बरं, कारण ही पेल एल (एल हा बिअरचाच एक प्रकार, पेल म्हणजे फिकट रंगाची) नेहमीच्या पेल एलसारखी वागत नाही, आणि आम्हाला जे फोन येतात त्यातले बरेचसे एकाच प्रश्नाचे असतात, की "वास वेगळाच येतोय, बिअर खराब झालीय का?" नाही झालेली. म्हणजे होऊ शकते, ती कशी ओळखायची ते पुढे सांगतोच, पण बहुतेक वेळा जो वास येतो तो आम्ही मुद्दाम आणलेला असतो आणि त्यासाठीच ही बिअर इतके महिने टाकीत बसलेली असते.

आधी यीस्टबद्दल थोडं, कारण सगळा खेळ तिथेच आहे. नेहमीच्या एलमध्ये काम करतं ते सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, ब्रेडमध्ये असतं तेच. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबमध्ये एमिल क्रिश्चियन हान्सन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवायची पद्धत बसवली आणि तेव्हापासून ब्रुअरीवाल्यांना नको ती यीस्ट बाहेर ठेवणं जमायला लागलं. गंमत अशी की कार्ल्सबर्गच्याच निल्स हेल्टे क्लाउसन यांनी १९०४ मध्ये दाखवून दिलं की इंग्लंडच्या जुन्या मुरवलेल्या एलची जी खास चव असते ती अशाच एका 'नको त्या' यीस्टमुळे येते. त्याला त्यांनी ब्रेटॅनोमायसिस नाव दिलं. आम्ही सगळे नुसतं ब्रेट म्हणतो, पुढेही तेच म्हणू.

वाईन बनवणारे बहुतेक लोक ब्रेटचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करतात, त्यांच्यासाठी तो दोष. बेल्जियममध्ये मात्र ऑर्वाल नावाची मठातली एल आहे, तिच्यात बाटली भरताना ब्रेट घालतात आणि ती जगभर नावाजलेली आहे, आणि ब्रसेल्सच्या आजूबाजूला लँबिक नावाची बिअर बनवणारे तर यीस्ट घालतच नाहीत, गरम वर्ट, म्हणजे बिअर व्हायच्या आधीचं धान्याचं गोड पाणी, उघड्या पसरट टाकीत रात्रभर थंड करायला ठेवतात, हवेतून नि लाकडातून जे येईल ते येईल. आमचं काम इतकं धाडसाचं नाही. आमचं ब्रेट यीस्ट लॅबकडून पाकिटात येतं, लेबलवर 'वाईल्ड' लिहिलंय ते ब्रुअरीच्या बोलीभाषेत, जंगलात जाऊन कोणी पकडून आणलेलं नाही. आणि लॅबवाल्यांचीही गफलत होते बरं का. 'ब्रेट ट्रॉआ' नावाने एक यीस्ट बरीच वर्षं विकलं गेलं, लोकांनी त्याच्या मस्त अननसाच्या वासाच्या बिअर बनवल्या, 'शंभर टक्के ब्रेट' असं लेबलवर लिहिलं, आणि मग जीन्स तपासल्यावर कळलं की ते मुळात सॅकरोमायसिसच आहे. बिअर चांगल्याच होत्या, फक्त लेबलं चुकली.

आंबट असेल का?

हा दुसरा ठरलेला प्रश्न. वाईल्ड म्हटलं की लोक आंबट धरून चालतात आणि मग पहिल्या घोटाला निराश होतात, किंवा सुखावतात, ज्याची त्याची आवड. आंबटपणा येतो तो लॅक्टोबॅसिलस, पेडियोकॉकस अशा बॅक्टेरियांमुळे, लॅक्टिक अ‍ॅसिड तेच तयार करतात, आणि आम्ही ह्या बिअरमध्ये ते घातलेले नाहीत. ब्रेट स्वतः थोडंफार अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड करू शकतं, म्हणजे व्हिनेगरवालं, पण त्यासाठी त्याला ऑक्सिजन लागतो, म्हणून आमची निम्मी मेहनत टाकीत हवा जाऊ नये ह्यावरच खर्च होते. जिभेच्या कडेला हलकी चुरचुर जाणवेल, लिंबू पिळल्यासारखं काही होणार नाही.

ओतताना

बाटली उभीच ठेवा, निदान एक रात्र, तळाला यीस्टचा पातळ थर बसलेला असतो. तो प्यायलात तरी चालतं, चव जरा ब्रेडसारखी आणि गढूळ होते एवढंच, आम्हाला स्वतःला तो शेवटचा बोटभर भाग आवडत नाही. फ्रीजमधून काढून लगेच ओतू नका, पंधरा-वीस मिनिटं बाहेर राहू द्या. साधारण ८ ते १२ डिग्रीला ही बिअर बोलायला लागते, बर्फासारखी थंड प्यायलात तर कडवट सोडावॉटर लागेल आणि तुम्ही म्हणाल ह्यात काय एवढं. ग्लास शक्यतो पोटाकडे रुंद आणि तोंडाकडे निमुळता घ्या, ट्यूलिप असेल तर उत्तम, वाईनचा ग्लासही चालतो, आणि निम्माच भरा, वास साठायला वर जागा पाहिजे. ग्लासला साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला असेल तर फेस बसतो, मग दोष बिअरला देऊ नका.

ग्लास तिरका धरून हळू ओता. गॅस नेहमीच्या पेल एलपेक्षा जास्त आहे, फेस पटकन वर चढतो, पांढराशुभ्र, मोठ्या बुडबुड्यांचा. रंग फिकट सोनेरी, किंचित धुकट.

वास, मग घोट

पहिला वास फेस असतानाच घ्या, ग्लास न हलवता. आधी हॉप्स येतात, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं: संत्र्याची साल, पिकलेला पेरू, थोडं ताजं गवत. आम्ही फर्मेंटेशन झाल्यावर थंड बिअरमध्ये हॉप्स भिजवतो त्याचा हा परिणाम, पण सगळं श्रेय हॉप्सचं नाही, हॉप्सच्या तेलातलं जेरॅनिऑल, जे गुलाबाकडे झुकतं, त्याचं यीस्ट सिट्रोनेलॉल करतं, म्हणजे लिंबाच्या बाजूला नेतं. मग ग्लास एकदा गोल फिरवा आणि परत नाक घाला. आता अननस. ताजा नाही, जास्त पिकलेला, कडेने मऊ पडलेला. हे ब्रेटचे एस्टर, म्हणजे फळांसारख्या वासाची संयुगं, त्यातही एथिल हेक्झॅनोएटसारखे. काही एलमध्ये केळ्याचा वास येतो तो इथे शोधू नका, तो आला असला तरी ब्रेट त्या एस्टरचे तुकडे करून टाकतं.

आणि मग, जरा थांबलात की, तो वास येतो ज्याच्यासाठी फोन येतात. सुकं गवत, चामड्याचा पट्टा, किंचित लवंग आणि धूर, कधी घोड्याचा तबेला. वाचायला विचित्र वाटतं, पण प्रमाणात असला की ह्या वासानेच बिअरला खोली येते, नुसती फळं असती तर ज्यूस झाला असता. हा येतो कुठून तर बार्लीच्या सालीत फेरुलिक आणि कूमॅरिक नावाची अ‍ॅसिड असतात, बरीच यीस्ट त्यांचं अर्धंच काम करतात किंवा हातच लावत नाहीत, ब्रेट मात्र शेवटपर्यंत जाऊन त्यांची ४-एथिलग्वायकॉल आणि ४-एथिलफिनॉल ही संयुगं बनवतं. पहिल्याची लवंग आणि धूर, दुसऱ्याचा तबेला. दुसरं फार वाढलं की वास बँडेजपट्टीसारखा होतो, तो आम्हालाही नको असतो, म्हणून बाटलीत भरायच्या आधी प्रत्येक टाकी हुंगून बघतो, मशीनच्या आकड्यापेक्षा चार नाकांवर जास्त भरवसा.

घोट मोठा घ्या. चमचाभर चाखून ह्या बिअरबद्दल काही कळत नाही. जीभेवर आधी गॅसची टोचणी, मग माल्टचा, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या बार्लीचा, अगदी पातळ, बिस्किटासारखा स्पर्श आणि तुम्ही गोडवा शोधायला लागेपर्यंत तो गेलेला असतो. हे नीट लक्षात घ्या, कारण ह्या बिअरचा खरा स्वभाव वासापेक्षा इथे आहे. नेहमीचं यीस्ट लांब साखळीच्या साखरा, डेक्स्ट्रिन म्हणतात त्या, तशाच सोडून देतं, त्याच बिअरला अंग देतात. ब्रेट म्हणजे सगळे जेवून उठल्यावर मागे बसून भांडी चाटूनपुसून साफ करणारा माणूस, ते हळूहळू ह्याही साखरा संपवतं. साधारण पेल एल १.०१० ते १.०१४ ग्रॅव्हिटीला (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर संपत जाते तशी ती उतरते) थांबते, ब्रेटवाली १.००४ च्याही खाली जाऊ शकते. त्यात ब्रेट ग्लिसरॉल जवळजवळ करत नाही, म्हणून तोंडात गुळगुळीतपणाही कमी. उरतं काय तर एकदम कोरडी, हलकी बिअर, जी गिळल्यावर तोंड स्वच्छ होतं आणि हात आपोआप पुन्हा ग्लासकडे जातो. गोडवा नसल्यामुळे कडवटपणा आहे त्यापेक्षा जास्त वाटतो, म्हणून आम्ही हॉप्सचा कडूपणा मुद्दाम कमी ठेवलाय. काहींना ही बिअर पातळ वाटते, तो आक्षेप आम्हाला मान्य आहे, ज्यांना जाड आणि रसाळ आयपीए (भरपूर हॉप्सवाली पेल एल) आवडते त्यांनी ही घेऊच नये असं आमचं प्रामाणिक मत.

गिळल्यावर लगेच दुसरा घोट घेऊ नका, थोडं थांबा. कधीकधी नव्या बाटलीत जिभेच्या मागच्या बाजूला सीरियल किंवा पॉपकॉर्नसारखी, फार असेल तर उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव उमटते. ग्लासात तिचा वास येत नाही, कारण ज्यामुळे ती येते ते टेट्राहायड्रोपिरिडीन बिअरच्या आंबट वातावरणात उडत नाही, तोंडातल्या लाळेने पीएच वर गेला की मगच कळतं, आणि सगळ्यांना सारखं कळत नाही, एकाच टेबलावर एक जण नाक मुरडतो आणि बाकीच्यांना पत्ताच नसतो. बाटली भरताना थोडी हवा लागली की हे होतं आणि बहुतेक वेळा काही आठवडे ते महिन्यांत आपोआप जातं. आम्ही ते गेल्याशिवाय बाटल्या बाहेर काढत नाही, तरी एखादीत सापडलंच तर ती पेटी महिनाभर तशीच ठेवा.

आत्ता उघडू की ठेवू?

दोन वेगळ्या बिअर आहेत असंच समजा. ताजी असताना हॉप्स पुढे, ब्रेट मागे. तीनेक महिन्यांनी पेरू-संत्रं फिकं पडतं, अननस आणि चामडं वर येतं. वर्षाने हॉप्स जवळपास गेलेले असतात आणि उरते ती कोरडी, मातकट, थोडी वाईनकडे झुकलेली एल. आमच्यात ह्यावर भांडणं होतात, पण हे लिहिणाऱ्याला विचाराल तर दोन ते चार महिन्यांच्या मधली सगळ्यात छान, कारण तेव्हा दोन्ही बाजू एकाच ग्लासात भेटतात. भरल्याची तारीख बाटलीच्या मागच्या लेबलवर आहे.

ठेवायची तर उभी, अंधारात, आणि उन्हाळ्यात फ्रीजमध्येच. अंधार का तर उजेडात हॉप्समधल्या कडू घटकांचं विघटन होऊन स्कंक नावाच्या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यासारखा उग्र वास तयार होतो, तपकिरी काच बराच उजेड अडवते, सगळा नाही. आणि थंड का तर यीस्ट बाटलीत जिवंत आहे, उकाड्यात उरलीसुरली साखर खाऊन गॅस वाढवू शकतं. आम्ही ग्रॅव्हिटी बरेच आठवडे स्थिर राहिल्याशिवाय भरत नाही आणि बाटलीही जाड काचेची वापरतो, तरी गाडीच्या डिकीत उन्हात विसरू नका.

खरंच खराब झालेली कशी ओळखायची

झाकण काढल्याबरोबर बिअर कारंज्यासारखी उडून निम्मी बाहेर आली, व्हिनेगरचा झणझणीत वास आला, किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखी चव लागली, तर ती आमची चूक धरा. बाटली फेकू नका, झाकण परत लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि मागच्या लेबलवरचा बॅच नंबर कळवा, दुसरी देऊ. बाटलीच्या मानेत आतून पातळ पांढरट कडं दिसलं तर मात्र घाबरू नका, ते यीस्टचंच आहे. आणि आजारी पडण्याची भीती काहींना वाटते म्हणून सांगतो, अल्कोहोल, हॉप्स आणि कमी पीएच ह्या तिघांमुळे माणसाला आजारी पाडणारे जंतू तयार बिअरमध्ये सहसा वाढू शकत नाहीत, ब्रेट त्यातलं नाहीच.

बिअर बार्लीची आहे, म्हणजे ग्लूटेन आहे, ज्यांना चालत नाही त्यांनी घेऊ नये. गरोदर असाल, गाडी चालवायची असेल किंवा तुमच्याकडच्या कायद्याने वय बसत नसेल तर ही बाटली तुमच्यासाठी नाही. आणि घरी बिअर बनवणाऱ्यांपैकी काहीजण तळाचं यीस्ट काढून आपल्या बॅचमध्ये घालतात, जरूर घाला, फक्त नळ्या, रबरी रिंगा आणि प्लॅस्टिकची बादली ब्रेटसाठी वेगळी ठेवा, एकदा ते ओरखड्यात शिरलं की पुढची प्रत्येक बिअर ब्रेटचीच होते.