रसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमाच्या मसुद्यावर अभिप्राय कसा नोंदवावा : सोलापुरातील कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकांसाठी माहिती

अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम बदलताना आधी मसुदा प्रसिद्ध होतो आणि ठरावीक मुदतीत त्यावर अभिप्राय मागवले जातात. वर्षभर वर्गात उभे राहणाऱ्या शिक्षकाचे म्हणणे अभ्यासक्रमात उतरण्याची हीच खरी वेळ असते, म्हणून ती हातची जाऊ देऊ नये.

अभिप्राय कोणाकडे पाठवायचा, हे आधी नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण चुकीच्या दारात दिलेली चांगली सूचनाही वाया जाते. अभ्यासक्रमाचा आराखडा आणि मसुदा पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद तयार करते, तर पाठ्यपुस्तक बालभारती काढते. लेखी परीक्षेचे ७० आणि प्रात्यक्षिकाचे ३० गुण ही बाब राज्य मंडळाकडे येते व सोलापूर जिल्हा त्याच्या पुणे विभागीय मंडळाच्या कक्षेत आहे. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे २० आणि बारावीला सुमारे ८० टक्के भार असतो, तो सीईटी कक्षाचा विषय आहे. पुस्तकातील छपाईची चूक किंवा सीईटीच्या प्रश्नांविषयीची तक्रार अभ्यासक्रमाच्या अभिप्रायात घालू नये.

पात्रतेचा प्रश्न सोपा आहे. मे २०२४ मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा जाहीर झाला, तेव्हा शिक्षकांबरोबर पालकांनाही मत नोंदवता आले. अशा अभिप्रायाला पदवीची अट नसते. विषयाच्या अभ्यासगटात काम करण्यासाठी अर्ज मागवले गेले, तर मात्र जाहिरातीतील अटी तपासाव्यात. एम.एस्सी. व बी.एड.ची गुणपत्रके, नियुक्ती आदेश, वैयक्तिक मान्यतेचा आदेश, अनुभवाचा दाखला आणि प्राचार्यांचे ना हरकत पत्र यांचा संच आधीच तयार ठेवावा. बैठका पुण्यात झाल्यास कर्तव्यार्थ रजा लागेल, म्हणून प्राचार्यांशी आधी बोलून घेणे बरे. साध्या अभिप्रायासाठी नाव, पदनाम, महाविद्यालयाचा यू-डायस क्रमांक आणि मोबाइल क्रमांक हाताशी असावा.

सर्वांत जास्त वेळ मजकुरावर द्यावा. ‘अभ्यासक्रम फार मोठा आहे’ एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्याला काहीच करता येत नाही. मसुद्याचा पृष्ठ क्रमांक, मूळ वाक्य, सुचवलेले वाक्य, कारण आणि त्यासाठी लागणाऱ्या तासिका, एवढ्या गोष्टी प्रत्येक सूचनेत असाव्यात. उदाहरणार्थ, आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ मध्ये प्रमाण दाब १ बार ठरवला, त्यामुळे ०° सेल्सिअसला वायूचे मोलर आकारमान २२.७ लिटर येते; १ अ‍ॅटमॉस्फिअरला ते २२.४ लिटर असते. मुले दोन्ही आकडे ऐकतात आणि गणितात अडतात. कोणता दाब धरायचा हे मसुद्यात एकदाच, स्पष्टपणे सांगावे, ही सूचना दोन ओळींत मावते आणि ती डावलणे कठीण असते.

एखादा घटक वगळावा की ठेवावा, याविषयीही असेच नेमके लिहावे. बारावीच्या २०२० च्या पुस्तकात सॉलिड स्टेट (स्थायू अवस्था) हे पहिले प्रकरण आहे; वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या २०२४ च्या अभ्यासक्रमातून तो घटक वगळला गेला. केवळ तेवढ्यावरून तो काढावा, असे मला वाटत नाही. पण ज्यांना वाटते त्यांनी त्यामुळे मोकळ्या होणाऱ्या तासिका कोणत्या घटकाला द्यायच्या, हेही लिहावे.

आपल्या गावातले रसायनशास्त्रही सुचवावे. चादरी-टॉवेलच्या सुताला व्हॅट रंग देताना तो कॉस्टिक सोडा आणि हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) यांच्या द्रावणात क्षपित करून विरघळवतात आणि सूत बाहेर काढले की हवेतल्या ऑक्सिजनने तो धाग्यातच पुन्हा अविद्राव्य होतो. रंगाच्या टाकीतून वेगळ्याच छटेचे निघालेले सूत हवेत खरा रंग धरताना ज्या मुलीने पाहिले आहे, तिला अकरावीतले रेडॉक्स, म्हणजे क्षपण-ऑक्सिडीकरण, समजावताना निम्मे काम झालेले असते. अकरावीच्या प्रकल्पांमध्ये याचा समावेश व्हावा, अशी सूचना सोलापूरच्या शिक्षकांनी करायची नाही, तर कोणी करायची?

शहरातल्या दोन-तीन महाविद्यालयांच्या शिक्षकांनी प्रकरणे वाटून घेऊन एकत्र वाचन केले, तर मुदतीत काम होते. सूचना एकत्रित पाठवली, तरी प्रत्येकाने आपली स्वतंत्र नोंदही करावी. ऑनलाइन अर्ज भरल्यावर पडद्यावरील पोच जपून ठेवावी, आणि कागदी प्रत पाठवत असल्यास तिच्यावर महाविद्यालयाचा जावक क्रमांक घ्यावा.