गणपतराव देशमुख यांची विधानसभा कारकीर्द

देशमुख, गणपतराव अण्णासाहेब (१० ऑगस्ट १९२६ – ३० जुलै २०२१) : सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघातून अकरा वेळा महाराष्ट्र विधानसभेवर निवडून गेलेले शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) नेते. जन्म मोहोळ तालुक्यातील पेनूरचा. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी सांगोल्यात वकिली सुरू केली. तालुक्यात त्यांना ‘आबासाहेब’ म्हणत. नुसते ‘आबा’ म्हटले तरी दुसऱ्या कोणाकडे बोट जात नसे.

१९६२, १९६७, १९७४ (पोटनिवडणूक), १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ हे त्यांच्या विजयांचे क्रमवार साल. १९६२ ते २०१९ या सत्तावन्न वर्षांतून दोन पराभवांमुळे गेलेली साडेसहाएक वर्षे वगळली, तर बाकी सगळा काळ ते सभागृहात होते. अकरा हा आकडा वर्तमानपत्रांनी इतका गिरवला की त्याच्या शेजारचा दुसरा आकडा नजरेआड झाला. ते पहिल्यांदा आमदार झाले तेव्हा विधानसभेत शेकापचे पंधरा सदस्य होते. १९६७ मध्ये ते एकोणीस झाले, १९७२ मध्ये सात उरले, १९७८ मध्ये पुन्हा तेरा आले. १९९९ मध्ये पाच, २००४ मध्ये दोन आणि गणपतरावांच्या शेवटच्या विजयाच्या वेळी, २०१४ मध्ये, तीन. पक्ष आटत गेला, सांगोला मात्र राहिला. म्हणून या कारकिर्दीचा विचार विक्रम म्हणून करण्यापेक्षा, एक तालुका पक्षाच्या ओहोटीतून बाजूला कसा राहिला असा करणे अधिक उपयोगाचे आहे.

सांगोला तालुका सोलापूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला, आटपाडी आणि जतला लागून, माण नदीच्या खोऱ्यात आहे. पर्जन्यछायेतला हा टापू. इथली खिलार जनावरे आणि रविवारचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध. अलीकडे डाळिंबाने तालुक्याचे नाव परदेशापर्यंत नेले आणि तेल्या रोगाने त्याच बागा उपटायलाही लावल्या. उसाच्या पट्ट्यात धरण, कारखाना, बँक आणि आमदारकी अशी जी साखळी काँग्रेसच्या नेत्यांनी उभी केली, तिला लागणारे पाणीच इथे नव्हते. कोरडवाहू शेतकऱ्याची बाजू घेणारा डावा पक्ष इथे रुजला त्याचे हे एक कारण. एरवी मार्क्सवादाची भाषा बोलणाऱ्या, दाभाडी प्रबंधाचा (शेकापची मार्क्सवादी भूमिका मांडणाऱ्या मूळ दस्तऐवजाचा) वारसा सांगणाऱ्या पक्षाला माणदेशात पन्नास वर्षे मते मिळावीत, याचा उलगडा केवळ विचारसरणीने होत नाही.

पहिला पराभव १९७२ चा. त्याच वर्षी महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला आणि दुष्काळाचे प्रश्न मांडण्यासाठी ओळखला जाणारा हा आमदार नेमका सभागृहाबाहेर होता. सांगोल्यातून निवडून आलेल्या आमदाराच्या निधनानंतर १९७४ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि ते परत आले. त्याच विधानसभेच्या शेवटच्या टप्प्यात, १९७७-७८ मध्ये, ते विरोधी पक्षनेते झाले. कृष्णराव धुळप, दि. बा. पाटील आणि गणपतराव असे हे पद तेव्हा ओळीने शेकापकडे चालत आले होते. आजच्या वाचकाला हे सांगूनही खरे वाटत नाही. १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात ते मंत्री झाले. ते सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले.

दुसरे मंत्रिपद यायला एकोणीस वर्षे लागली. १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात शेकाप पाच आमदारांनिशी सामील झाला आणि गणपतरावांकडे पणन व रोजगार हमी ही खाती आली. रोजगार हमी योजना म्हणजे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली, दुष्काळात तावून सुलाखून निघालेली आणि १९७७ मध्ये कायद्याचे रूप घेतलेली योजना. दुष्काळी तालुक्याच्या आमदाराला याहून जवळचे खाते नव्हते. पण रायगड जिल्ह्यातल्या स्थानिक राजकारणावरून मित्रपक्षांशी बिनसले आणि २००२ मध्ये शेकापने पाठिंबा काढून घेतला. सरकार विश्वासदर्शक ठरावात तरले. गणपतराव पुन्हा विरोधी बाकावर आले. म्हणजे अकरा वेळा निवडून आलेल्या या माणसाच्या वाट्याला दोन्ही मिळून साडेचार वर्षांहूनही कमी मंत्रिपद आले.

उरलेली वर्षे आमदारकीची, आणि ती समजून घ्यायची तर विरोधी आमदाराच्या हाती कोणती हत्यारे असतात हे पाहावे लागते : तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना, अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा. यातल्या एकानेही कालवा खोदला जात नाही. मात्र एकच प्रश्न दर अधिवेशनात, तोच संदर्भ आणि तोच आकडा घेऊन येत राहिला की सचिवालयातल्या फायलीला खाली जायला जागा उरत नाही. हे काम कंटाळवाणे, वर्तमानपत्रात न येणारे. गणपतरावांचा लौकिक याच कामावर उभा होता, भाषणबाजीवर नव्हे.

सगळ्यांत लांबलेला प्रश्न पाण्याचा. कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी पठारावर आणायच्या टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांच्या लाभक्षेत्राच्या शेपटाला सांगोला येतो. टेंभूचे पाणी कराडजवळून निघून पाच टप्प्यांत वर चढते आणि खानापूर, आटपाडी करत इकडे पोचते. शेपटाच्या गावाची धास्ती कायम एकच : वरच्यांचे भागेपर्यंत आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, संपेल. १९९३ पासून स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. सातारा, सांगली, सोलापूर जिल्ह्यांतल्या तेरा दुष्काळी तालुक्यांच्या त्या चळवळीत गणपतराव अखेरपर्यंत होते. मागणी नुसती पाण्याची नव्हती, समन्यायी वाटपाची होती. बुद्धेहाळ तलावात टेंभूचे पाणी पडले तोवर एक पिढी सरली होती. पिण्याच्या पाण्यासाठी शिरभावीची प्रादेशिक योजना झाली, तिच्यावर तालुक्यातली बहुतेक गावे अवलंबून आहेत. सहकारात त्यांनी सूतगिरणी उभी केली. राज्यातल्या अनेक सहकारी गिरण्या भंगारात निघाल्या त्या काळात सांगोल्याची गिरणी चालू राहिली, हे त्यांच्या विरोधकांनीही नाकारलेले नाही.

त्यांच्या साधेपणाविषयी बरेच लिहिले गेले, त्यातले काही भाबडे आहे. एक गोष्ट मात्र ठोस. एसटीच्या गाडीत पुढच्या एका बाकावर ‘विधानसभा सदस्य / विधान परिषद सदस्य’ असे रंगवलेले असते. राज्यातल्या बहुतेक प्रवाशांनी त्या बाकावर आमदार कधी पाहिलेला नाही; कंडक्टरही ती जागा खुशाल कोणालाही देतो. गणपतराव त्या बाकावर बसून प्रवास करत. सहप्रवाशाला त्यांना गाठून रेशनकार्डापासून डीपी जळाल्यापर्यंतची तक्रार तिथेच सांगता येई. याला निवडणुकीच्या हिशेबात काही किंमत होती हे उघड आहे, आणि ती त्यांना ठाऊक नव्हती असे मानायचेही कारण नाही.

दुसरा पराभव १९९५ चा, काँग्रेसच्या शहाजीबापू पाटील यांच्याकडून, अवघ्या १९२ मतांनी. एवढी मते एखाद्या वस्तीच्या मतदान केंद्रावर असतात. पुढची वीस वर्षे तालुक्याचे राजकारण या दोघांतच फिरत राहिले. १९९९ ला गणपतरावांनी जागा परत घेतली आणि मग चार निवडणुका सलग जिंकल्या. २०१४ मध्ये, मोदी लाटेत, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या गणपतरावांनी शिवसेनेकडून उभ्या असलेल्या त्याच शहाजीबापूंना सुमारे पंचवीस हजार मतांनी हरवले.

या कारकिर्दीची उणी बाजूही नोंदवायला हवी. सांगोल्याबाहेर सोलापूर जिल्ह्यात पक्ष वाढला नाही. वारसदार कार्यकर्त्यांतून पुढे आला नाही, घरातून आला. २०१९ मध्ये त्यांनी वयामुळे थांबायचे ठरवले तेव्हा उमेदवारीवरून घोळ झाला आणि अखेर नातू अनिकेत उभे राहिले. शहाजीबापू ७६८ मतांनी निवडून आले. हेच शहाजीबापू २०२२ मध्ये गुवाहाटीहून केलेल्या ‘काय झाडी, काय डोंगार’ या फोनमुळे राज्यभर पोचले. सांगोल्याचे नाव इतक्या जणांच्या तोंडी त्याआधी कधी आले नसेल. शेकापचा २०१९ च्या विधानसभेतला एकमेव आमदार नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याचा होता.

गणपतरावांचे सोलापुरात वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी निधन झाले. २०२४ च्या निवडणुकीत त्यांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शिंदे गटाचे शहाजीबापू आणि ठाकरे गटाचे दीपक साळुंखे या दोघांना हरवून जागा परत मिळवली. विधानसभेत शेकापचा सदस्य पुन्हा एकच आहे, आणि तो सांगोल्याचा आहे.