ऑलदो, डिस्पाइट आणि बट: अर्थ सारखा, मग पुढचं व्याकरण वेगळं का?

‘डिस्पाइट इट वॉज रेनिंग, वी वेंट आउट’ हे वाक्य इंग्रजीत चूक धरतात आणि ‘ऑलदो द रेन, वी वेंट आउट’ हेही चूकच. आता फक्त पहिल्या शब्दांची अदलाबदल करा, ‘ऑलदो इट वॉज रेनिंग’ आणि ‘डिस्पाइट द रेन’, लगेच दोन्ही वाक्यं एकदम बरोबर. अर्थ तर सगळीकडे तोच आहे, पाऊस होता तरी आम्ही बाहेर पडलो. म्हणजे अर्थ बघून इथे काहीच ठरत नाही, ठरतं ते त्या शब्दाला आपल्या पुढे काय लागतं त्यावरून. ऑलदोला पुढे पूर्ण वाक्य लागतं, कर्ता आणि काळ दाखवणारं क्रियापद असलेलं. डिस्पाइटला नाम लागतं, किंवा नामासारखं वागणारं काहीतरी.

नियम एवढाच आहे आणि तो बहुतेकांना शाळेत कधीतरी सांगितलेला असतो, पण तो असा का आहे हे सहसा कोणी सांगत नाही, आणि मला वाटतं तेच कळलं तर पाठांतराची गरज फार कमी होते. कारण या प्रत्येक शब्दाचं आजचं वागणं तो मुळात कोण होता यावरून आलंय.

डिस्पाइट आधी घेऊ. हा शब्द मुळात नाम आहे. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, त्याच्या मागे लॅटिनमधलं एक क्रियापद आहे ज्याचा अर्थ खाली बघणं, तुच्छ लेखणं. तर डिस्पाइट म्हणजे तुच्छता, तिरस्कार. लोक म्हणायचे ‘इन डिस्पाइट ऑफ’ अमुक, म्हणजे अमुक गोष्टीला न जुमानता. आता ही रचना नीट बघा, मधे एक नाम, त्याच्यापुढे ‘ऑफ’, आणि ‘ऑफ’ म्हटल्यावर पुढे नामच येणार, दुसरं काय येणार? हळूहळू आधीचा ‘इन’ गळला, मग नंतरचा ‘ऑफ’ही गळला आणि एकटा डिस्पाइट उरला, पण पुढे नाम घ्यायची सवय मात्र तशीच राहिली. ‘डिस्पाइट ऑफ’ लिहिलं की आज लाल रेघ पडते, पण ते रूप काही शतकांपूर्वी खरंच वापरात होतं, मधल्या टप्प्यावरचं. याच शब्दाचं छाटलेलं रूप म्हणजे स्पाइट, आणि ‘इन स्पाइट ऑफ’मधे तो जुना सांगाडा अजून पूर्ण शाबूत आहे.

ऑलदोची गोष्ट उलटी. तो म्हणजे ‘ऑल’ अधिक ‘दो’, आणि दो हे मुळात क्रियाविशेषण होतं, ‘तरीसुद्धा’ अशा अर्थाचं. त्याचं आजचं रूप व्हायकिंग लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतून आलंय, जुन्या इंग्रजीत त्याचा सख्खा भाऊ आधीपासून होताच. ‘तरीसुद्धा’ हा शब्द कशाला जोडणार? आख्ख्या वाक्यालाच. म्हणून त्याला पुढे वाक्य लागतं. ते जुनं क्रियाविशेषण अजून जिवंतही आहे, बोलण्यात वाक्याच्या शेवटी येतं ते, ‘इट्स गुड, दो’. तिथे ऑलदो ठेवून चालत नाही, कारण ‘ऑल’ चिकटल्यावर हा शब्द फक्त जोडायच्याच कामाला लागला. आधी हा ‘ऑल’ जोर द्यायला होता, तो जोर झिजला म्हणून आता जोर द्यायचा असेल तर लोक ‘ईव्हन दो’ म्हणतात.

आपल्याला इथे अजून एक अडचण येते. मराठीत ‘जरी’ आला की ‘तरी’ येतोच, जोडीच आहे ती, म्हणून इंग्रजी लिहिताना हात आपोआप ‘ऑलदो... बट’ असं लिहून जातो. इंग्रजीत विरोधाचं काम एकाच टोकाला एकदाच सांगतात. ऑलदो एका वाक्याला दुय्यम करतो, बट दोन वाक्यांना बरोबरीने जोडतो, मग एकाच जोडात दोघांना बसवलं तर पहिलं वाक्य दुय्यम की बरोबरीचं हेच कळत नाही. मात्र ‘ऑलदो... स्टिल’ किंवा ‘ऑलदो... येट’ चालतं, कारण तिथे स्टिल आणि येट क्रियाविशेषणं असतात, जोडायचं काम ते करत नाहीत.

आता क्रियापदांकडे येऊ. डिस्पाइटच्या पुढे नाम हवं, पण आपल्याला सांगायचीय क्रिया, मग काय करायचं? क्रियापदालाच नामाचं रूप द्यायचं, म्हणजे आयएनजी लावायचं. ‘डिस्पाइट बीइंग इल, शी वर्क्ड’. नकार हवा तर ‘नॉट’ त्याच्या आधी, ‘डिस्पाइट नॉट नोइंग द वे’. आधी घडून गेलेली गोष्ट असेल तर ‘डिस्पाइट हॅविंग लॉस्ट द की’. ‘डिस्पाइट टू बी’ मात्र कधीच नाही, कारण इंग्रजीतली शब्दयोगी अव्ययं, म्हणजे प्रेपोझिशन्स, आणि डिस्पाइट त्यातलाच, ‘टू’वालं क्रियापद पुढे सहसा घेत नाहीत. आपल्याकडे ‘आजारी असूनही’ म्हणताना हेच तर होतं, ‘असून’ला स्वतःचा काळ नाही, काळ पुढच्या मुख्य क्रियापदाकडून कळतो. म्हणून ‘असूनही’ ऐकू आलं की डिस्पाइट बीइंग आणि ‘जरी... होता’ ऐकू आलं की ऑलदो, हे मला सगळ्यात भरवशाचं वाटतं.

एक काळजी मात्र घ्यायची, आयएनजीच्या आत कर्ता दिसत नाही, त्यामुळे तो पुढच्या वाक्याचा कर्ताच समजला जातो. ‘डिस्पाइट रनिंग फास्ट, द ट्रेन लेफ्ट’ असं लिहिलं की धावत होती ती ट्रेनच असा अर्थ निघतो. कर्ते वेगळे असतील तर सरळ ऑलदो घ्यावा, किंवा ‘डिस्पाइट द फॅक्ट दॅट’, जिथे ‘फॅक्ट’ हे नाम मधे घालून डिस्पाइटची नामाची गरज भागवलेली असते आणि वाक्य त्या नामाच्या नंतर लागतं. लांबलचक आहे म्हणून अनेकांना हे आवडत नाही, मलाही ऑलदोच बरा वाटतो.

ऑलदो आणि दो पूर्ण वाक्य मागतात म्हटलं खरं, पण कर्ता तोच असेल तर कर्ता आणि ‘बी’ क्रियापद गाळताही येतं, ‘दो टायर्ड, शी वेंट ऑन’. व्हाइललाही हे चालतं. व्हेअरॅजला (‘हा असा, तर तो तसा’मधला ‘तर’) सहसा चालत नाही, त्याला पूर्ण वाक्यच लागतं, शिवाय तो फक्त तुलनेचा विरोध दाखवतो. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लॅकॉफ यांनी 1971 साली हाच फरक मांडला होता, एक विरोध नुसत्या दोन बाजूंचा, हा उंच तो बुटका, आणि दुसरा अपेक्षाभंगाचा, पाऊस होता म्हणजे घरी बसतील वाटलं आणि गेले. बट दोन्हीकडे चालतो, व्हेअरॅज फक्त पहिल्याकडे.

आणि बट? याच्यावर खरं तर वेगळा लेख व्हावा. जुन्या इंग्रजीत हा ‘च्या बाहेर’ अशा अर्थाचा शब्द होता. बाहेर म्हणजे वगळून, आणि वगळून वरून मग ‘पण’. तो वगळण्याचा अर्थ अजून टिकून आहे, ‘एव्हरीवन बट मी’, आणि तिथे बट शब्दयोगीसारखा वागतो म्हणून तर बहुतेक लोक ‘आय’ न म्हणता ‘मी’ (इंग्रजीतला ‘मी’, म्हणजे ‘मला’वाला) म्हणतात. या बटच्या पुढे क्रियापद येतं तेव्हा डिस्पाइटचा आयएनजीवाला नियम लागू पडत नाही. ‘ही डिड नथिंग बट क्राय’, इथे नुसतं क्रियापद, कारण आधी ‘डू’ आहे. ‘ही हॅड नो चॉइस बट टू गो’, इथे ‘टू’, कारण ‘चॉइस’ला पुढे टू लागतो. म्हणजे वगळलेली गोष्ट ज्या जागेवरून वगळली त्या जागेचंच रूप घेते. ‘एव्हरीव्हेअर बट इन द बॉक्स’मधे तर बटच्या पुढे आख्खं ‘इन द बॉक्स’ येतं. ‘नॉट इन द बॉक्स बट ऑन द टेबल’ इथेही तसंच, दोन्ही बाजूंना सारखा साचा लागतो, एकीकडे इन असेल तर दुसरीकडेही तसंच काहीतरी हवं. या ‘हे नाही तर ते’वाल्या बटला जर्मनमधे वेगळाच शब्द आहे, झोंडर्न, आणि साध्या पणला आबर.

डिस्पाइटच्याच अर्थाचा नॉटविथस्टँडिंग तर मला सगळ्यात आवडतो. ‘विथस्टँड’ म्हणजे अडवून धरणं, टिकून राहणं, त्याचं आयएनजी रूप आणि त्याच्या आधी नॉट. ‘द रेन नॉटविथस्टँडिंग’ म्हणजे शब्दशः पाऊस अडवत नसताना, म्हणजे पाऊस हा चक्क त्याचा कर्ता होता, म्हणूनच हा शब्द आजही नामाच्या नंतर येऊ शकतो, मराठीतल्या शब्दयोगी अव्ययासारखा. डिस्पाइटला हे जमत नाही.

शेवटी एक मोठा वाद. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने 1924 मधेच म्हटलं होतं की ‘बिफोर’च्या पुढे नाम आलं तर शब्दयोगी आणि वाक्य आलं तर उभयान्वयी, असे एकाच शब्दाचे दोन वर्ग करण्यात अर्थ नाही, कारण ‘बिलीव्ह’च्या पुढे नाम आलं काय किंवा वाक्य आलं काय, त्याला आपण क्रियापदच म्हणतो. हडलस्टन आणि पुलम या भाषाशास्त्रज्ञांच्या 2002 च्या इंग्रजी व्याकरणात हेच पुढे नेऊन ऑलदोलाही प्रेपोझिशनमधेच, म्हणजे शब्दयोगीतच, टाकलंय, फक्त नाम न घेता वाक्य घेणारं प्रेपोझिशन. शाळेतली पुस्तकं अजून जुनी नावं वापरतात. मला नवीन मांडणी पटते, कारण तिच्यात डिस्पाइट आणि ऑलदो एकाच घरातले राहतात आणि फरक उरतो तो फक्त पुढे काय घेतात याचा.