सही असलेली जुनी तसबीर: मूळ चित्र की छपाई?

‘कोकणातल्या जुन्या घरात चित्रकाराची सही असलेली देवाची तसबीर असेल तर ते मूळ तैलचित्र, संग्राहक त्याचे लाखो देतात.’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे.

बहुतेकदा ती छपाई असते. १९व्या शतकाच्या अखेरीस तैलचित्रांच्या रंगीत प्रती शिळाछापावर, म्हणजे दगडावरून छापून, निघू लागल्या. दर रंगाला वेगळा दगड, वरून वार्निश. सही मूळ चित्रातली, म्हणून ती प्रत्येक प्रतीवर उमटली. मुंबईचे चाकरमानी या तसबिरी गावी आणत. तेव्हा गैरसमज होणं साहजिकच आहे.

तपासायला दहापट भिंग पुरे. छपाईत रंगांचे बारीक ठिपके दिसतात, तैलचित्रात कुंचल्याचे फटकारे. नुसतं बोट फिरवून ठरवू नका. काही प्रतींवर कॅनव्हाससारखा खडबडीतपणा मुद्दाम उठवलेला असतो. खालच्या कडेला छापखान्याचं नाव असू शकतं, पण ते बघायला चौकट उघडण्याची घाई नको. आपल्या दमट हवेत कागद काचेला चिकटतो, ओढला की रंग गेलाच. दुसऱ्या घरी रेघ न् रेघ तेच चित्र असेल तर प्रश्न मिटला.

जाणता संग्राहक मात्र सहीआधी विचारतो, तसबीर घरात आणली कुणी? मामाने की व्याह्यांनी? आजीची आठवण, एखादं पत्र, मागे ती तसबीर दिसणारा लग्नाचा फोटो, हे सगळं तो बघतो. त्यासाठी घरोबा लागतो. छापील असली तरी जरी-टिकल्यांनी सजवलेली प्रत हौशी संग्राहक आवडीने घेतात.