कॅलेंडरवरचे चामडे कुठून आले आणि का गेले

पडद्यावर खऱ्या वस्तूंची नक्कल करणे, म्हणजेच स्क्यूओमॉर्फिझम, बदनाम झाले ते अ‍ॅपलच्या कॅलेंडर अ‍ॅपवर रंगवलेल्या चामड्यामुळे. मुळात ही युक्ती जुनी आणि शहाणपणाची आहे. 1981 च्या झेरॉक्स स्टार या संगणकावर कागद, फोल्डर आणि टपालाचे ट्रे चित्ररूपात होते. कागदाचे चित्र प्रिंटरच्या चित्रावर नेले की छपाई व्हायची. कचेरीतल्या माणसाला आज्ञा पाठ कराव्या लागू नयेत, हा हेतू. 1984 च्या मॅकिंटॉशवर मात्र फ्लॉपी बाहेर काढण्यासाठी लोक तिचे चित्र कचऱ्याच्या टोपलीत टाकत. टोपलीचा अर्थ ज्यांना नीट समजला होता, तेच सगळ्यात जास्त घाबरत!

1999 च्या क्विकटाइम 4 या व्हिडिओ प्लेअरमध्ये आवाजासाठी ट्रान्झिस्टरसारखे चाक दिले होते. बोटाने ते सहज फिरले असते. माउसने धरा, ओढा, सोडा, पुन्हा धरा. साध्या सरकपट्टीला एक ओढ पुरते.

आयफोनवर (2007) बोट थेट चित्रावर आले आणि नकलेला बहर आला: पिवळ्या कागदाची वही, 2010 मध्ये आयबुक्सचे लाकडी फडताळ, 2012 मध्ये पॉडकास्ट अ‍ॅपमध्ये फिरणारी टेप. पण खरी अडचण 2011 च्या मॅक ओएस लायन या संगणकप्रणालीत दिसते. तिथले अ‍ॅड्रेस बुक उघड्या पुस्तकासारखे. पुस्तकाला पाने दोनच, म्हणून गट, नावे आणि तपशील हे तीन रकाने एकत्र दिसेनात. गटांसाठी लाल खुणेच्या फितीवर क्लिक करावे लागे. पुस्तकाची मर्यादा संगणकाला कारण नसताना चिकटली. पुढच्याच वर्षी तीन रकाने परत आले. कॅलेंडरवरचे चामडे आणि फाटलेल्या पानांचे अवशेष त्यामानाने निरुपद्रवी होते. डोळ्यांना खुपले, एवढेच.

आवडीनिवडीची चर्चा खूप झाली, पिक्सेलची कमी. चामडे, शिवण, लाकूड ही बहुतांशी तयार चित्रे असत. बटण रुंद करायचे तर कडा तशाच ठेवून मधला भाग ताणतात किंवा पुन्हा पुन्हा जोडतात. टाक्यांचे अंतर जुळले नाही तर सांधा उघडा पडतो. त्यात आयफोन 4 ने 320×480 चा पडदा 640×960 केला, म्हणजे प्रत्येक चित्र दोन मापांत. 2012 मध्ये आयपॅड 2048×1536 वर गेला, आयफोन 5 लांबला. सपाट रंग आणि अक्षरांना हा त्रास जवळजवळ नाही. मायक्रोसॉफ्टने 2010 च्या विंडोज फोन 7 मध्ये तोच रस्ता धरला होता.

ऑक्टोबर 2012 मध्ये आयफोनच्या सॉफ्टवेअरचे प्रमुख स्कॉट फोरस्टॉल यांची अ‍ॅपलमधून गच्छंती जाहीर झाली, इंटरफेसची, म्हणजे पडद्याच्या रूपाची, जबाबदारी उपकरणांचे डिझाइनप्रमुख जोनाथन आइव्ह यांच्याकडे गेली आणि सप्टेंबर 2013 च्या आयओएस 7 या आयफोनच्या प्रणालीने सगळे खरवडून काढले. जरा जास्तच. बटणाची चौकट गेल्याने दाबायचे कुठे आणि वाचायचे काय, हे नुसत्या रंगावरून ओळखावे लागे. मार्च 2014 च्या 7.1 मध्ये बटणांचे आकार दाखवण्याची सोय सेटिंग्जमध्ये द्यावी लागली. त्याच वर्षी गूगलच्या मटेरियल डिझाइन या नियमावलीने सावली परत आणली, पण चित्र म्हणून नव्हे, मोजमाप म्हणून: कार्ड 2 डीपी (पडद्यावरचे मापाचे एकक) उंच, तरंगते बटण 6, दाबल्यावर 12.