घरातील कपडे वाळवण्याची सोय निवडताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कपडे वाळवण्याचे साहित्य घेण्यासाठी आमच्या दुकानात येणारे बहुतेक ग्राहक दोनच प्रश्न विचारतात : हे किती फुटांचे आहे, आणि हे गंजणार तर नाही ना. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांच्याही आधी विचारायला हवा असा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो म्हणजे आपल्या घरी एका दिवसात जास्तीत जास्त किती कपडे धुतले जातात. जेथे नळाला रोज पाणी येते तेथे रोजचे धुणे रोज होते आणि चार दांड्यांचा स्टँडही पुरतो. आपल्या मराठवाड्यातील अनेक शहरांत मात्र पाणी चार-सहा दिवसांआड, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा सुटते. त्यामुळे अंथरुणे-पांघरुणे, शाळेचे गणवेश, साड्या आणि आठवड्याचे टॉवेल असे सगळे धुणे पाण्याच्या दिवशी एकदमच निघते. रोजच्या चार कपड्यांच्या हिशेबाने घेतलेली सोय त्या दिवशी हमखास कमी पडते आणि उरलेले कपडे खुर्च्यांच्या पाठींवर, दारांवर आणि गच्चीच्या कठड्यावर जातात. म्हणून आमचा आग्रह असा की सोय निवडताना हिशेब पाण्याच्या दिवसाचा धरावा आणि महिना मे नव्हे, तर ऑगस्ट धरावा.

किती दोरी लागते

पाच माणसांच्या घरातील पाण्याच्या दिवसाचा अंदाज येथे मांडून पाहू. १० शर्ट-कुर्ते प्रत्येकी दीड फूट धरले तर १५ फूट, ८ पँट-सलवारी प्रत्येकी सव्वा फुटाने १० फूट, ५ टॉवेल प्रत्येकी अडीच फुटाने साडेबारा फूट, २ एकेरी चादरी ५ फुटांच्या रुंदीने १० फूट, आणि २ साड्या चौघडी करून प्रत्येकी साडेचार फुटाने ९ फूट. म्हणजे ५६ ते ५७ फूट येथेच झाले. दोन कपड्यांमध्ये चार बोटांची जागा सोडायची म्हटले की ही बेरीज ६० ते ६५ फुटांवर जाते, आणि मोजे व आतले कपडे यात अजून धरलेलेच नाहीत.

आता बाजारातील मापे पाहा. घडीच्या स्टँडवर सर्व दांड्यांची मिळून जी लांबी लिहिलेली असते, ती खोटी नसते, पण उपयोगाचीही नसते. दांड्यांमधील अंतर जेमतेम तीन-चार इंच असल्यामुळे शेजारच्या दोन दांड्यांवरचे ओले कपडे एकमेकांना चिकटतात आणि मधला भाग संध्याकाळपर्यंत तसाच ओला राहतो. म्हणून एक दांडी सोडून एक वापरावी लागते आणि लिहिलेल्या लांबीपैकी निम्मीच हाती येते. छताला बसवायच्या दोरी-पुलीच्या हँगरमध्ये ६ फुटांचे ६ पाईप असतील तर ३६ फूट मिळतात. त्यातही प्रत्येक पाईप स्वतंत्रपणे खाली-वर होणारा प्रकार घ्यावा, कारण एक पाईप वर आणि त्याशेजारचा हातभर खाली ठेवला की कपड्यांमधून हवा खेळते. गच्ची असलेल्या घरासाठी गच्चीवर ६०-६५ फूट दोरी आणि पावसाळ्यासाठी घरात एक छताचा हँगर ही जोडी आम्हांला सर्वांत समाधानकारक वाटते. गच्चीच नसेल तर दोन हँगर, किंवा एक हँगर आणि एक स्टँड.

उन्हापेक्षा वारा

कपडे उन्हाने वाळतात, अशी आपली पक्की समजूत आहे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती खरीही वाटते. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे असतो, दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता २०-३० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि दोरीवर टाकलेला पंचा माणूस पाठमोरा होईपर्यंत वाळतो. अशा हवेत सावलीतले कपडेही तास-दोन तासांत वाळतात. ऑगस्टमध्ये मात्र दुपारीसुद्धा बहुतेक दिवस आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असते. अशा वेळी कपड्याभोवतीची हवा लवकरच ओलाव्याने भरून जाते, आणि ती हलली नाही तर पुढचे पाणी उडायला जागाच उरत नाही. ती भरलेली हवा बाजूला सारणे हे वाऱ्याचे काम आहे. बंद खोलीतील ऊबदार कोपऱ्यापेक्षा समोरासमोरच्या दोन खिडक्यांमधली थंड जागा पावसाळ्यात चांगली ठरते, ती याच कारणाने.

खिडकीतून वारा येत नसेल तर पंखा लावावा. ७५ वॅटचा जुना छताचा पंखा चार तास चालला तरी ०.३ युनिट वीज लागते. नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा त्याच्या निम्म्याहून कमी घेतो. याहून उत्तम साधन आपल्या बहुतेक घरांत पावसाळाभर कोपऱ्यात झाकून ठेवलेले असते, ते म्हणजे कूलर. टाकी कोरडी करून, पाण्याची मोटर बंद ठेवून नुसता पंखा चालवला तर कूलरचा झोत कपड्यांच्या दोन रांगांतून आरपार जातो. जाळीतले जुने वाळे किंवा गवत मात्र आधी काढावे, अन्यथा त्याचा वास आणि कचरा धुतलेल्या कपड्यांवर बसतो. उन्हाळ्यात पाण्यावर चालू असलेल्या कूलरसमोर कपडे वाळत घालू नयेत. तो हवेत ओलावा सोडूनच गारवा देतो, त्यामुळे त्या खोलीपेक्षा बाहेरच्या व्हरांड्यात कपडे निम्म्या वेळात वाळतील.

एक गोष्ट लक्षात ठेवावी की कपड्यांतून उडालेले पाणी कोठेतरी जातेच. ५ किलो सुती कपडे यंत्रात पिळून काढल्यावरही त्यांच्यात अडीच ते साडेतीन लिटर पाणी उरते आणि दारे-खिडक्या बंद असतील तर ते सगळे खोलीच्या हवेत, भिंतींत आणि कपाटामागे जाऊन बसते. भिंतीवर काळे ठिपके पडणे, गादीला कुबट वास येणे आणि घरात दम्याचा रुग्ण असल्यास त्याचा त्रास वाढणे, ही त्याची पुढची पायरी असते. म्हणून झोपण्याच्या खोलीत, विशेषतः लहान मुले आणि वृद्ध झोपतात तेथे, हँगर बसवण्याचा सल्ला आम्ही देत नाही.

'ड्रायर' म्हणजे नेमके काय

आपल्याकडे कपडे धुण्याच्या सेमी-ऑटोमॅटिक यंत्राच्या दुसऱ्या भांड्याला ड्रायर म्हणण्याची पद्धत आहे. ते भांडे कपडे वाळवत नाही, ते वेगाने फिरवून पिळते. परंतु या पिळण्याचे मोल मोठे आहे. एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने घालवायला सुमारे पाऊण युनिटाच्या जवळपास उष्णता लागते; तेवढेच पाणी फिरवून काढायला लागणारी वीज नगण्य असते. सेमी-ऑटोमॅटिकचे हे भांडे साधारणपणे मिनिटाला १३०० च्या आसपास फेरे घेते, वरून कपडे टाकायचे फुल्ली ऑटोमॅटिक यंत्र बहुधा ७०० च्या आसपास, आणि समोरून दार असलेले १००० ते १४००. पावसाळ्यात दोन मिनिटांऐवजी पाच मिनिटे पिळले, तर कपडे वाळण्याचा वेळ डोळ्यांना दिसेल इतका कमी होतो. जीन्स आणि टॉवेल पुन्हा एकदा स्वतंत्र फिरवावेत.

गरम हवेने कपडे खरोखर वाळवणारा ड्रायर हे वेगळे यंत्र आहे. साध्या प्रकाराला २००० ते २५०० वॅट वीज, १६ अँपिअरचा सॉकेट आणि त्यासाठी स्वतंत्र वायर लागते. एका वेळच्या कपड्यांना सुमारे ३ युनिट जातात, तर हीट पंप प्रकाराला (यात तीच उष्णता पुन्हा वापरली जाते) त्याच्या निम्मे, मात्र त्याची किंमत बरीच अधिक असते. आम्ही हे यंत्र विकत नाही, तरीही स्पष्ट सांगतो की अंथरुणाला खिळलेला रुग्ण ज्या घरी आहे आणि रोज चादरी बदलाव्या लागतात, तेथे त्याचा विचार अवश्य करावा. इतरांनी वर्षातील दीड-दोन महिन्यांच्या अडचणीसाठी एवढा खर्च करावा, असे आम्हांला वाटत नाही.

तार बांधण्यापूर्वी

दरवर्षी पावसाळ्यात कपडे वाळत घालण्याच्या तारेत वीज उतरून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात, आणि अनेकदा पहिल्यास वाचवायला धावलेला दुसराही त्यात सापडतो. याचे कारण बहुधा एकच असते. खांबावरून घरात आलेल्या वायरचे आवरण उन्हाने तडकलेले असते, ती पत्र्याला किंवा पत्र्याखालच्या लोखंडी पाईपला घासते, आणि त्याच पाईपला कपड्यांची तार बांधलेली असते. कोरड्या दिवसांत काहीच जाणवत नाही, पण पाऊस पडला की ओले कपडे टाकणारा हात त्या तारेला लागतो. त्यामुळे पत्र्याच्या घरासाठी आम्ही लोखंडी किंवा स्टीलची तार देत नाही, नायलॉनची दोरीच देतो, आणि ग्राहकाने आग्रह केला तरी हा नियम मोडत नाही. विजेचा खांब, त्याला आधार देणारी ताणाची तार, मीटरची पेटी आणि मोटरच्या वायरचा पाईप यांपैकी कशालाही दोरी बांधू नये. नायलॉनची दोरी असली तरी नाही, कारण ओली व मळकट दोरीही भरवशाची नसते. तारेला झिणझिण्या जाणवल्या तर कपडा ओढून पाहू नये. मेन स्विच बंद करावा, पण खांबावरून मीटरपर्यंत आलेल्या वायरमधली वीज त्याने बंद होत नाही; म्हणून तारेपासून सर्वांना दूर ठेवून वीज कंपनीला कळवावे आणि वायरमनला बोलवावे.

छताला हँगर बसवताना

वाळलेल्या ७ किलो कपड्यांचे वजन ओलेपणी ११ किलोच्या पुढे जाते आणि दोरी ओढताना छताला बसणारा हिसका त्याहून अधिक असतो. स्लॅबमध्ये फास्टनर ठोकून बसवलेला हँगर हे वजन सहज पेलतो. पीओपीचे छत पेलत नाही. सुरुवातीच्या काळात आम्हीच एका घरी पीओपीमध्ये स्क्रू मारून हँगर बसवला होता आणि पंधराव्या दिवशी तो चादरींसह खाली आला. सुदैवाने खाली कोणी नव्हते. छताच्या दुरुस्तीचा खर्च आम्ही दिला. तेव्हापासून पीओपी कापून थेट स्लॅबला पकड मिळणार असेल तरच आम्ही काम घेतो. शहाबादी फरशी आणि लोखंडी गर्डर असलेल्या जुन्या छतात फरशीला छिद्र न पाडता गर्डरला पकडी लावतो. लाकडी माळवदाच्या घरांत तुळईची तपासणी केल्याशिवाय होकार देत नाही, आणि कित्येकदा तेथे भिंतीपासून भिंतीपर्यंत लावलेली साधी वलणीच बरी पडते.

कपड्यांविषयी थोडेसे : रंगीत कपडे उलटे करून वाळवावेत, लोकरीचे कपडे टांगू नयेत तर पसरून ठेवावेत, रेशमी साड्यांना ऊन दाखवू नये, आणि पैठणी तर घरी धुऊच नये. बोअरच्या जड पाण्यात धुतलेले टॉवेल वाळल्यावर पापडासारखे कडक होतात. दोरीवर टाकण्यापूर्वी व काढल्यानंतर जोरात झटकले तर ते बऱ्यापैकी मऊ राहतात. वाकळ मात्र पावसाळ्यात धुवायला काढू नये, ती चार दिवसांतही आतून वाळत नाही आणि मग तिचा आंबट वास हिवाळाभर जात नाही.

खरेदीला येताना छताचा प्रकार, जमिनीपासून छताची उंची, खिडक्या कोणत्या भिंतींना आहेत आणि पाण्याच्या दिवशी किती कपडे निघतात, एवढे एका कागदावर लिहून आणावे; मोबाइलवर छताचा फोटो असेल तर उत्तमच. बसवण्याची मजुरी साहित्याच्या किमतीत धरलेली नसते, ती जागा पाहिल्यावर आधी सांगितली जाते. हँगरची दोरी दोन-अडीच वर्षांत पुलीपाशी झिजते. तेथे धागे सुटलेले दिसले की कपडे टांगणे थांबवून आम्हांला कळवावे, दोरी तेवढी बदलून मिळते.